दुबे सरांचा राजीनामा

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो, "इथे तुमचं मत कुणी विचारलेलं नाही." मुलं दचकतात. घरी, कॉलेजात, मोबाईलवर सगळीकडे मत विचारतात, आणि हा माणूस पैसे घेऊन सांगतोय की मत बाहेर ठेवून या.

मीरा रोडच्या शांती नगरात, तयार कपड्यांच्या एका दुकानावरच्या मजल्यावर माझा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. बँक, रेल्वे, पोलीस अशा भरतीच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात. गणित, इंग्रजी आणि तर्क असे तीन विषय. तर्क मी शिकवतो. अठरा वर्षं झाली.

तर्काच्या पेपरात छोटे युक्तिवाद देतात आणि विचारतात, हा सबळ की कमकुवत? उदाहरणार्थ, 'या गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रासमोर रोज रांग असते, म्हणजे तिथलं जेवण चांगलं असणार.' मुलं लगेच 'सबळ'वर खूण करतात. मी विचारतो, त्या गल्लीत दुसरं केंद्र आहे का? नसेल तर लोक चवीसाठी उभे आहेत की भुकेसाठी, हे कसं कळलं? दुसरं केंद्र आहे आणि तरी लोक इथेच येतात, हे लिहिणाऱ्याने मनात धरलंय, कागदावर लिहिलेलं नाही. अशा न लिहिलेल्या गोष्टीला आम्ही गृहीतक म्हणतो. ते शोधायचं आणि काढून बघायचं. काढल्यावर वरचं सगळं कोसळलं, तर युक्तिवाद त्याच्यावरच उभा होता. एवढंच आमचं काम. सोपं वाटतं. आयुष्यात फार थोड्या लोकांना जमतं, आणि त्या लोकांत मी आहे असा माझा समज होता.

उदाहरणं मी पुस्तकातली घेत नाही, आजूबाजूची घेतो. एकदा फळ्यावर लिहिलं, 'उत्तनला आज बोंबील वाळत घातलेत, म्हणजे आज कडक ऊन असणार.' उत्तनच्याच कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर होती. ती म्हणाली, "सर, ऊन न्हाय तरी घालतात. आलेला माल हाय, ठेवायचा कुठं?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो आणि फळा पुसला. ज्याला ती गोष्ट रोजच्या जगण्यातून माहीत असते त्याला गृहीतक आधी दिसतं, हे मी त्या दिवशी मुलांना समजावून सांगितलं. चांगलं समजावलं होतं.

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं, सिल्व्हर पार्कमधले हसमुखभाई. पंचावन्न वर्षांचे, भांड्यांचं दुकान. म्हणाले, "साहेब, मला परीक्षा नाय द्यायची. मला सोसायटीच्या मीटिंगमधी जिंकायचा हाय. तिकडे एक वकील हाय, तो मला बोलूच देत नाय." मी त्यांना बजावलं की हा विषय जिंकण्यासाठी नाही, तपासण्यासाठी आहे. तरी ते बसले. महिनाभर पोरांच्यात बसून गृहीतकं शोधत होते. मग एक दिवस आले आणि हात जोडून म्हणाले, "बस साहेब. काल मीटिंगमधी बोलायला उभा राहिलो, आणि मलाच समजला की वकील बरोबर हाय. हे काय शिकवला तुम्ही मला?" ही गोष्ट मी अनेक वर्षं मोठ्या अभिमानाने सांगत आलो. त्या भांडीवाल्याला जे भर सभेत जमलं, ते मला माझ्याच केबिनमध्ये जमलं नाही. आज लिहायला बसलोय ते त्याबद्दल.

दुबे सर माझ्याकडे नऊ वर्षं गणित शिकवत होते. मूळचे जौनपूरकडचे, राहायला भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये. शिडशिडीत, पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं. मराठी समजायची, वाचताही यायची, बोलायचे मात्र हिंदी. मीही त्यांच्याशी हिंदीच बोलायचो. टक्केवारी ते अशी शिकवायचे की गणिताला घाबरून आलेली मुलं माझा तास बुडवून त्यांच्या दुसऱ्या तुकडीत जाऊन बसायची. हे मला आवडत नव्हतं. आवडत नव्हतं हे मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

भांडण झालं ते एका उत्तरावरून. मी सराव चाचणीत एक सूचना दिली होती, 'रहिवाशांनी लिफ्टमधून ओला कचरा नेऊ नये.' या सूचनेमागचं गृहीतक कोणतं? पहिला पर्याय, लोक सूचना वाचतात. दुसरा पर्याय, कुणीतरी लिफ्टमधून कचरा नेतं. माझ्या उत्तरतालिकेत फक्त पहिला बरोबर होता. माझं म्हणणं, सूचना खबरदारी म्हणूनही लावता येते. एका मुलाने ते दुबे सरांना जाऊन विचारलं. मी दारातून आत येत होतो आणि ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बेटा, दोनों सही हैं. कोई ले जाता है, तभी तो लिखना पड़ा. हमारी बिल्डिंग में आकर सूँघ लो." वर्ग खदखदून हसला. मी दारात उभा आहे हे कळल्यावर जास्तच हसला.

उत्तर कुणाचं बरोबर हा वाद आजही घालता येईल. पण ते हसणं मला लागलं. मी दुबे सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि नको तितक्या मोठ्या आवाजात बोललो. तेही बोलले. बाहेर मुलं गप्प बसून ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "दुबेजी, ऐसे नहीं चलेगा. मुझे लिखित में चाहिए." मला माफी हवी होती. माफी हा शब्द मात्र मी उच्चारला नाही. तो त्यांनी स्वतःहून लिहावा, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुलीच्या लग्नासाठी गावी जाणार होते. रजेचा अर्ज आठवड्यापूर्वीच दिलेला, परत कधी रुजू होणार ती तारीखही त्यात होती. निघताना माझ्या टेबलावर त्यांनी एक पाकीट ठेवलं. मी वर्गावर होतो. दारातून हात केला, "रख दिया है, सर," म्हणाले आणि गेले.

तास संपल्यावर मी पाकीट उघडलं. वहीच्या कागदावर सुंदर अक्षरात वर मधोमध लिहिलं होतं, 'राजीनामा'. खाली चार ओळी. मी स्वेच्छेने लिहून देतो, वर्गात जे झालं त्याबद्दल माझ्याकडून आता काही तक्रार नाही, या विषयावर पुढे मी काही बोलणार नाही, असा हिंदी मजकूर. खाली सही.

मला धक्का बसला. आणि त्या धक्क्याच्या पोटात, अगदी आत, सुटल्यासारखंही वाटलं. ते मी इथे पहिल्यांदाच कबूल करतोय.

घरी बायकोला कागद दाखवला. सुनीताने दोनदा वाचला. "अहो, पण यात नोकरी सोडतो असं कुठे म्हटलंय?"

"वर काय लिहिलंय?"

"वर लिहिलंय हो. पण मुलीचं लग्न तोंडावर असताना कुणी नोकरी सोडतं का? फोन तरी करा एकदा."

"लेखी दिलंय त्यांनी. आता फोन कशाला? लग्नघरात आहेत."

तीच मुलीच्या लग्नाची गोष्ट. सुनीतासाठी ती शंका घेण्याचं कारण होती, माझ्यासाठी फोन न करण्याचं. त्यांचा रजेचा अर्जही माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. जो माणूस परत येण्याची तारीख लिहून जातो तो सोडून जात नाही, हे मी कुठल्याही मुलाच्या पेपरवर लाल शाईने लिहिलं असतं. मी ड्रॉवर उघडला नाही. आठवड्याभरात गणिताला नवा शिक्षक नेमला.

लग्न आटोपून दुबे सर ठरल्या तारखेला आले. सकाळची पहिली तुकडी चालू होती. हातात मिठाईचा डबा होता. ते नेहमीसारखे सरळ वर्गाच्या दाराशी गेले आणि थांबले. आत फळ्यापाशी दुसराच माणूस होता. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. ते वळून माझ्याकडे आले.

"सर, ये कौन हैं?"

"नवीन सर आहेत. गणिताचे." मी मराठीत बोललो. नऊ वर्षांत त्यांच्याशी मराठीत बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं.

"अच्छा. और मैं?"

"दुबेजी, आपने राजीनामा दिया था ना."

"हाँ, दिया था." ते हसले. अगदी मोकळं हसले. "आपने कहा लिखके दीजिए, तो मैंने राजीनामा लिख दिया. बात खतम. गाँव जाने से पहले मन साफ़ रहे. ये लीजिए, बिटिया की शादी का."

मी डबा घेतला नाही.

त्यांचं हसणं हळूहळू गेलं. "सर, राजीनामा मतलब... सुलह. झगड़ा मिट गया, दोनों राजी. हमारे यहाँ कचहरी में, थाने में यही लिखते हैं. आपने क्या समझा?"

राजी. राजी होण्याचा कागद. शब्द किती उघडा होता. 'ती लग्नाला राजी आहे' असं आपणही म्हणतो. इतकी वर्षं मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, आणि त्या शब्दाच्या पोटातला 'राजी' मला कधी दिसला नव्हता. हिंदीत नोकरी सोडण्याला इस्तीफा म्हणतात हेही मला माहीत होतं. एका क्षणात सगळं समजलं.

त्या क्षणी मी 'चुकलो' म्हणायला हवं होतं. नवा शिक्षक रुजू होऊन चारच दिवस झाले होते, काहीतरी मार्ग निघाला असता. पण काचेपलीकडे मुलं बघत होती. लिफ्टच्या प्रश्नाला हसलेली तीच मुलं. मी खुर्चीत सरळ बसलो आणि युक्तिवाद केला. बोटं मोजत केला. एक, शीर्षक तुम्ही लिहिलंत. दोन, सही तुमची आहे आणि स्वेच्छेने देतोय असं तुम्हीच म्हटलंय. तीन, इतकी वर्षं महाराष्ट्रात राहता, इथे राजीनामा कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक नाही यावर कोण विश्वास ठेवील?

आणि मग जे बोललो ते अजून विसरता येत नाही. म्हणालो, "अब आपका मन बदल गया है, तो मैं क्या करूँ?"

दुबे सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. भांडले नाहीत. "ठीक है," म्हणाले, डबा टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेले.

मी त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र पाठवून दिलं. त्यात लिहिलं, 'त्यांनी स्वतःहून राजीनामा दिल्याने त्यांना कार्यमुक्त करण्यात आले.' अक्षरशः पाहिलं तर एकही शब्द खोटा नव्हता. ते वाक्य जुळवायला मला वेळ लागला होता, म्हणजे मी काय करतोय हे मला ठाऊक होतं.

नंतर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी ते सरावाला घातलं. नावं काढून फळ्यावर लिहिलं, 'एका कर्मचाऱ्याने राजीनामा असे शीर्षक असलेला कागद सही करून दिला. म्हणून त्याला काम सोडायचे होते. हा युक्तिवाद सबळ की कमकुवत?' मला ते मुलांच्या तोंडून ऐकायचं होतं. सकाळच्या तुकडीने एका सुरात सांगितलं, सबळ. दुपारच्या तुकडीनेही. मी आणखी दोन तुकड्यांना तेच विचारलं. एकाच प्रश्नाचं एकच उत्तर चार वेळा ऐकूनही मन भरत नव्हतं.

मग नव्या तुकडीत सबा आली. तिचे वडील शिंपीकाम करतात, तिचं शिक्षण उर्दू माध्यमातून झालेलं. मी प्रश्न लिहिला. सगळ्यांनी सबळ म्हटलं. तिने हात वर केला.

"सर, कमज़ोर है."

"का?"

"सर, मेरे अब्बू का और चाचा का दुकान को लेके झगड़ा हुआ था. थाने में राज़ीनामा हुआ. दोनों ने साइन किया. तो दुकान छोड़ दी क्या? आज भी दोनों वहीं बैठके लड़ते हैं."

वर्गात हशा पिकला. "बरोबर आहे," मी कसंबसं म्हणालो, "शब्दाचा अर्थ दोघांसाठी एकच आहे हे गृहीत धरलंय." मला फळा पुसायचा होता. पण ती बसली नाही.

"सर, पर इसमें इतना दिमाग लगाने का क्या है? उस आदमी से किसी ने पूछा क्या, कि तू जा रहा है क्या?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, प्रश्नातला माणूस आहे तो, खरा थोडीच आहे."

"तो भी," सबा म्हणाली. "पूछना तो चाहिए ना."

मी तास अर्ध्यावर सोडला. छातीत दुखतंय असं सांगितलं. गणिताच्या नव्या सरांनी पाणी आणलं. अठरा वर्षं मी सबळ आणि कमकुवत शिकवत होतो, आणि विचारून घ्यावं हे एकोणीस वर्षांच्या मुलीला न शिकवता येत होतं. मला विचारायचंच नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

त्या रविवारी सकाळी मी जेसल पार्कला गेलो. दुबे सरांना जाऊन सात महिने झाले होते. त्यांनीच दार उघडलं. आत या म्हणाले, पंखा लावला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. त्यांच्या वागण्यात कुठेही उणं नव्हतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

मी विचारलं, सध्या काय करता? घरोघरी जाऊन शिकवण्या करतो, म्हणाले. एका शाळेत जागा निघाली होती, मुलाखतीला गेलो. तिथे विचारलं, आधीची जागा का सोडली? "मैंने कहा, छोड़ी नहीं, हटाया गया. उन्होंने आपका सर्टिफिकेट निकाला. बोले, इसमें तो लिखा है खुद छोड़ी. मास्टरजी, झूठ क्यों बोलते हो?" मग म्हणाले, "पचास की उमर में, सर, बच्चों के बराबर के लड़के ने मुझे झूठा बोला. और कागज आपका था."

मी त्यांची माफी मागितली. परत या म्हणालो. त्यांनी मान हलवली. परत यायचं नव्हतं. दुसऱ्या एका शाळेने पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, त्यासाठी खरा कागद हवा होता, बस्स. मी क्लासचे छापील कागद बरोबर नेले होते. तिथेच बसून लिहिलं, 'श्री. दुबे यांनी राजीनामा दिला नव्हता. गैरसमजामुळे त्यांना कामावरून कमी करण्यात आले.' वाचून दाखवलं.

त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं. "ये काट दीजिए. गैरसमज."

"पण दुबेजी, गैरसमजच झाला होता. शब्द..."

"हुआ था. मेरे आने तक था. फिर मैंने आपको बताया, सुलह." ते माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी बघत होते तसेच. "आप उसी वक़्त समझ गए थे. नौ साल आपको देखा है, सर. आपका चेहरा मैंने देखा था."

मला वाटत होतं ही गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे. सात महिने मी ती एकट्याने लपवत होतो, आणि ते पहिल्या मिनिटापासून जाणून होते. जिना उतरतानाही त्यांना ते माहीत होतं. चहा समोर आला. मी कप बाजूला सरकवला.

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं, 'श्री. दुबे यांनी राजीनामा दिला नव्हता. ते रजेवरून ठरल्या दिवशी परत आले होते. मी त्यांना कामावरून काढले.' खाली सही केली आणि तारीख घालायला पेन टेकवलं.

"आज की नहीं," दुबे सर म्हणाले. "जिस दिन आप समझ गए थे, उस दिन की डालिए."

कागद आज लिहिला, तर त्यावर त्या दिवसाची तारीख घालणं बरोबर नाही, असं मी म्हणणार होतो. वाक्य जिभेवर आलं होतं, मुद्देसुद्धा तयार होते. मी तोंड मिटलं आणि त्या दिवसाची तारीख घातली.